उद्याचा पाचवाला कोण?

पत्त्यांत एखादा डाव कुणीही मारतो. चाळीस डाव झाल्यावर वर राहणारा गडी वेगळा असतो, आणि असे गडी मी पुण्याच्या मार्केट यार्डात पाहिले. गुलटेकडीच्या भुसार बाजारात एका आडत्याकडे मी दिवाणजी होतो.

नाना पेठ, भवानी पेठेतला भुसार व्यापार सत्तरच्या दशकात इकडे हलला. हमाल-तोलणार आले, त्यांच्यासोबत त्यांचा पाच-तीन-दोन हा पत्त्यांचा खेळही आला. बाबा आढावांची हमाल पंचायत 1955 पासूनची, माथाडी कायदा 1969 चा. त्यामागच्या लढ्यांनी हमालीला भाव आणि माणसाला मान मिळाला. पण दोन गाड्यांमधली वाट पाहणं काही चुकलं नाही. क्विंटलची पोती उतरवलेली टोळी पुढची गाडी लागेपर्यंत थप्पीच्या आडोशाला बसायची.

मेंढीकोटाला चार गडी लागतात, आणि एक उठला की जोडी मोडते. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयानं 1967 सालीच म्हटलं. तरी रमीत पैसा शिरतो म्हणून आमच्या टोळीच्या मुकादमाला ती खपायची नाही. पाच-तीन-दोनला तिघं पुरतात. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंग, शिवाय इस्पिक आणि बदाम सत्ती, अशी तीस पानं, प्रत्येकी दहा. पहिली पाच पानं बघून एकानं हुकूम बोलायचा. त्यानं पाच हात करायचे, पुढच्यानं तीन, पिसणाऱ्यानं दोन. ज्याचे हात ठरल्यापेक्षा चढले, तो पुढच्या डावात कमी हात करून बुडालेल्याच्या हातातून न बघता तेवढी पानं ओढतो आणि आपली नकोशी पानं त्याला देतो. खातेवहीतल्या येणे-बाकीसारखा प्रत्येक डाव पुढं ओढला जातो. गाडी लागली म्हणून खेळ थांबला, तरी ओढ शिल्लक राहते.

यातली खरी मेख एका म्हाताऱ्या तोलणारानं मला दाखवली. त्याच्यावर दोन होते, हात तीन झालेले. एक जादा हात सहज मिळत होता, तो पाचवाल्याचा. त्यानं तो सोडला आणि नंतर हुकमाची राणी टाकून तीनवाल्याचा कापला. मी विचारलं, तर म्हणाला, "दिवाणजी, उद्याचा पाचवाला कोण, ते बघा." पिसणं फिरतं तसा पाचवाला पुढच्या डावात दोनवर उतरतो, बुडाला तरी दोन हात कसेही करतो. तीनवाला मात्र पाचवर चढतो. त्याच्याकडून पान ओढायचं म्हणजे ऐन गरजेच्या वेळी त्याचा एक्का जायची भीती. वर परत देताना हा तोलणार आपल्या किरकोळ रंगाचं एकुलतं पान द्यायचा, म्हणजे तो रंग आला की हुकमानं कापायला मोकळा. हातचा राजाही याच हिशेबानं द्यायला तो कचरायचा नाही. नवखा गडी दुर्बळ पान द्यायचा आणि दोन्हीकडून अडकायचा.

पाचवाल्याचीही एक रीत होती. पानं पडकी आली, तर सगळे हात वाचवायची धडपड तो करत नसे. कुठला हात कुणाकडे जाऊ द्यायचा, एवढंच तो बघे. कारण तोच माणूस पुढच्या डावात त्याच्याकडून ओढणार असे.

2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तेव्हा मोबाइलवर रमीचा एकशेएकचा पूल खेळणारी पोरं हळहळली. त्यातही पहिल्याच पानावर पॅक करून वीस गुण सोसायचे की चाळीसची जोखीम घ्यायची, हा लांब पल्ल्याचाच विचार असे. पण समोर कोण बसलंय, हे त्यात दिसत नसे. आमच्या टोळीत पैसे लागत नसत. संध्याकाळी डाव मोडला की कुणाची किती ओढ राहिली, ते गोणीवर खडूनं लिहीत. सकाळी ती गोणी गाडीत गेली, तरी आकडा तिघांनाही पाठ असे.