काठावरचे तेरा महिने



आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, गेल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू बसायला आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "तुमच्यात पिंड नाही, कावळा नाही. मग दहा दिवस जीव कुठं थांबतो गं?" मी म्हटलं, "थांबतच नाही, काकू." त्यांना ते पटलं नाही. खरं सांगते, त्या रात्री मलाही पटायला जड गेलं. आत्याबाईंची काठी दाराआड तशीच उभी होती, आणि आत्ता हाक येईल असं वाटत होतं.

मरण आणि पुढचा मुक्काम यांच्या मधली जागा बहुतेक सगळ्या लोकांनी कल्पिलेली आहे. तिबेटी बौद्ध तिला बार्दो म्हणतात आणि ती एकोणपन्नास दिवसांपर्यंत मानतात. युरोपातल्या कॅथलिक लोकांनी तिला लिंबो नाव दिलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कापडाची कड. आपल्या लुगड्याचा काठच म्हणा ना! चौदाव्या शतकात इटलीच्या दान्ते कवीने आपल्या महाकाव्यात नरकाच्या पहिल्याच वर्तुळात ही जागा दाखवली. ख्रिस्ताआधी जन्मलेले सज्जन तिथे आहेत. त्यांना यातना नाहीत, पण आशाही नाही. बाप्तिस्मा होण्याआधी दगावलेली बाळंही लिंबोत जातात, असं शतकानुशतके शिकवलं गेलं. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र दफनभूमीच्या बाहेर पुरत. त्या आयांनी काय सोसलं असेल! अखेर 2007 साली चर्चच्या धर्मपंडितांच्या आयोगाने सांगितलं की, या बाळांच्या उद्धाराची आशा धरायला सबळ कारणं आहेत.

आपल्याकडे त्रिशंकू आहेच. रामायणाच्या बालकांडातला हा राजा सदेह स्वर्गाला निघाला. विश्वामित्रांनी वर पाठवलं, इंद्राने खाली ढकललं, आणि तो मध्येच उलटा लटकत राहिला. आजही निकाल न लागलेल्या गोष्टीला आपण 'त्रिशंकू' म्हणतो, मग ती विधानसभा असो की एखाद्याची बदली.

जैन शास्त्र मात्र इथे फार कडक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात विग्रहगती सांगितली आहे. जीव देह सोडतो आणि कार्मण शरीरासह नव्या जन्माच्या जागी जातो. वाट सरळ असेल तर एका समयात, वळणं असतील तरी जास्तीत जास्त तीन, म्हणजे चौथ्या समयाला पोचलेलाच. समय म्हणजे काळाचा सर्वांत लहान भाग. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असंख्य समय होऊन जातात. आपण तोंडात पदर धरून रडायला लागतो, त्याआधीच तो जीव नव्या घरी गेलेला असतो.

मधली अवस्था आपल्या शास्त्रात आहे, पण ती जिवंतपणीची. दहाव्या शतकातल्या नेमिचंद्र आचार्यांच्या गोम्मटसारात तिसरं गुणस्थान 'मिश्र' आहे. श्रद्धा धड खरी नाही, धड खोटी नाही. उपमा अगदी स्वयंपाकघरातली आहे: दही आणि गूळ एकत्र कालवले की मग वेगळे करता येत नाहीत, तसं. या अवस्थेत मरण येत नाही आणि पुढच्या भवाचं आयुष्यही बांधलं जात नाही. आणि ती टिकते एक अंतर्मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत. मग वर चढा नाहीतर खाली उतरा, पण तिथे घर करता येत नाही.

माणसं मात्र तिथे घर करतात. कधी राज्यकर्ते त्यांना करायला लावतात. आमचं मुरुम त्यातलंच.

15 ऑगस्ट 1947 ला सोलापुरात तिरंगा लागला. उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने आमच्या उमरगा तालुक्यात तो लागला नाही. सोलापूरचा रस्ता तोच, नातेवाईक तेच, पण मध्ये करोडगिरीचा नाका. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा करार झाला, त्याचं नावच 'जैसे थे'. धड स्वातंत्र्य नाही, धड जुनं राज्य नाही, दहीगूळच! याच काळात रझाकारांचा जुलूम वाढला आणि कित्येक घरं रातोरात सोलापूरकडे निघाली. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आत शिरली आणि पहिल्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतलं. 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. देशाच्या स्वातंत्र्यानंतर तेरा महिने आणि दोन दिवस आमची माणसं काठावर होती.

आत्याबाईंचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, वय सोळा. त्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान उधारीचे पैसे आणायला सोलापूरला म्हणून निघाले, ते आलेच नाहीत. कुणी म्हणे वाटेत गाठलं, कुणी म्हणे पंढरपुरात पाहिलं. प्रेत नाही, पत्र नाही. त्या माहेरी मुरुमला आल्या त्या कायमच्याच.

त्यांची मैत्रीण होती पलीकडच्या गल्लीतली एक मुसलमान बाई. तिचा नवरा त्याच वर्षी नाहीसा झाला, पण सप्टेंबरनंतर. फौज आल्यावर मुसलमानांवर जे सूड उगवले गेले, त्याची चौकशी सरकारने पंडित सुंदरलाल समितीकडे दिली होती. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत समितीने उस्मानाबादचं नाव घेतलं. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढे आला नाही. अहिंसेचा धर्म सांगताना दोन्ही बाजूंचं दुःख मोजलं पाहिजे, म्हणून हेही लिहिलं. त्या दोघी दुपारी ओट्यावर बसून वाती वळत, चिंचा फोडत. नवऱ्यांचं नाव कुणी काढत नसे.

सात वर्षं माणसाची खबर नसेल तर कायदा त्याला मृत धरू शकतो. आत्याबाईंची सात वर्षं 1955 साली भरली. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली आणि 18 सप्टेंबरला त्यांची समाधी झाली. घरच्यांबरोबर आत्याबाईही दर्शनाला गेल्या होत्या. सगळ्यांची क्षमा मागून, सगळं सोडून, उघड्या डोळ्यांनी पलीकडे जाणारा साधू त्यांनी पाहिला. परत आल्या तेव्हा मंगळसूत्र गळ्यात तसंच होतं.

आता माझी चूक सांगते. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला मी सगळ्या बायकांना कुंकू लावलं आणि आत्याबाईंपाशी येऊन हात अडखळला. लावावं की नाही? मी वाण हातात दिलं आणि पुढे सरकले. त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि पाणी तापवायला ठेवलं.

शेवटच्या आजारात एका रात्री त्यांनी विचारलं, "ते कुठं असतील गं?" मी शास्त्रात आहे तेच सांगितलं. गेले असतील तर त्याच क्षणी दुसऱ्या जन्माला लागले. कुठंही अडकलेले नाहीत. बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे लटकत ते नव्हते. मीच होते की."

मी त्यांचे पाय धरले आणि त्या हळदीकुंकवाची क्षमा मागितली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "तुला तरी कुठं ठाऊक होतं," म्हणाल्या, "मलाच ठाऊक नव्हतं."

काकूंच्या प्रश्नाला आता माझं उत्तर पक्कं आहे. गेलेला जीव थांबत नाही. थांबतं ते मागे राहिलेलं माणूस, आणि त्याला थांबवून ठेवण्यात आपला हात किती असतो, हे आपण पाहत नाही. म्हणून आमच्या घरी संक्रांतीला आता विचारणा नसते. सधवा, विधवा, सोडलेली, वाट पाहणारी, जी उंबरा ओलांडून येईल तिला हळदकुंकू आणि तिळगूळ.

जय जिनेंद्र.