कॉपीचा ठपका आणि दाद मागण्याची वाट

विद्यापीठाच्या परीक्षेत एखादा विद्यार्थी कॉपी करताना सापडला, तर पुढे त्याचे नेमके काय होते, याची माहिती विद्यार्थ्यांना आणि पालकांनाही क्वचितच असते. प्रसंग ओढवल्यावर धावाधाव सुरू होते. पण तोपर्यंत प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद सही होऊन लखोट्यात बंद झालेला असतो. हा कागद म्हणजे विद्यार्थ्याचा जबाब.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्यात पहिला प्रश्न पडतो तो आपल्याला लागू असलेला कायदा कोणता, हा. जिल्ह्यातील बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ लागू होतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा कारभार कृषी विद्यापीठांच्या १९८३ च्या कायद्यानुसार चालतो. लोणीचे प्रवरा हे अभिमत विद्यापीठ असल्याने त्याचे नियम स्वतंत्र आहेत, तर संलग्न आयुर्वेद व होमिओपॅथी महाविद्यालयांच्या परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. त्यामुळे शेजारच्या विद्यार्थ्याला काय शिक्षा झाली, यावरून आपल्या प्रकरणाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

कार्यपद्धती मात्र सर्वत्र साधारण सारखीच आहे. पर्यवेक्षकाला किंवा भरारी पथकाला आक्षेपार्ह साहित्य सापडले की ते उत्तरपत्रिकेसह जप्त केले जाते. पर्यवेक्षक अहवाल देतो आणि विद्यार्थ्याचा लेखी जबाब घेतला जातो. घाबरलेला विद्यार्थी अनेकदा समोरचे सांगतील तसे लिहून देतो. ‘चिठ्ठी माझ्याजवळ होती’ आणि ‘चिठ्ठीतून मी उत्तर लिहिले’ या दोन वाक्यांतील अंतर त्या क्षणी त्याच्या लक्षात येत नाही. चौकशी समितीपुढे मात्र हे अंतर निर्णायक ठरू शकते. जबाब वाचून, आपल्या शब्दांत लिहिणे आणि आरोप अमान्य असल्यास तसे स्पष्ट नोंदवणे, हा विद्यार्थ्याचा अधिकार आहे.

विद्यापीठाच्या परीक्षेतील अशी प्रकरणे परीक्षा व मूल्यमापन मंडळाने नेमलेल्या चौकशी समितीकडे जातात. त्या विषयाचे गुण रद्द करण्यापासून संपूर्ण सत्राची संपादणूक रद्द करण्यापर्यंत आणि पुढील परीक्षांना बसण्यास मनाई करण्यापर्यंत शिक्षेची व्याप्ती असते. परीक्षेतील गैरप्रकारांबाबत फौजदारी कारवाईसाठी महाराष्ट्राचा १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई त्याहून वेगळी.

समितीने विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, हे तत्त्व जुने आहे. उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थ्यांचा १९५४ च्या इंटरमीजिएट परीक्षेचा निकाल मंडळाने त्यांना न विचारताच रद्द केला होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परीक्षा समितीचे काम न्यायिक स्वरूपाचे असून संधी न देता शिक्षा करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात दिला. बिहारमधील एका केंद्रावरील संपूर्ण परीक्षाच रद्द झाली, तेव्हा मात्र १९७० मध्ये न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. तेथे कोणा एकावर ठपका नव्हता. परीक्षाच विश्वासार्ह राहिली नव्हती. त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्रपणे ऐकण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही.

पुराव्याच्या बाबतीत महाराष्ट्रातीलच प्रकरण मार्गदर्शक आहे. राज्य मंडळ विरुद्ध के. एस. गांधी (१९९१) या खटल्यात मॉडरेटरांच्या गुणपत्रकांतील फेरफारांचा प्रश्न होता. अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु अनुमान आणि निव्वळ तर्कट यांत फरक करण्याची ताकीदही दिली. ‘मी प्रत्यक्ष लिहिताना कुणी पाहिले नाही’ एवढ्याच बचावावर विसंबणे म्हणूनच पुरेसे नाही.

संशोधनातील वाङ्मयचौर्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्यासाठी कमाल सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांसाठी वर्षभर प्रबंध सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. आधी विभागीय आणि मग संस्थापातळीवरील समिती प्रत्येकी ४५ दिवसांत अहवाल देते. दुसऱ्या समितीला पहिलीच्या शिफारशी बदलता येतात. वर्गातील गृहपाठ, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका या विनियमांच्या कक्षेत येत नाहीत, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. संगणकाने दाखवलेली टक्केवारी म्हणजेच चोरी, असे मानणेही चूकच. ज्या जुन्या मराठी पुस्तकांचे संगणकीकरण झालेले नाही, त्यांतून केलेली उचल यंत्राला दिसत नाही आणि कायद्याच्या कलमांचा उतारा मात्र चटकन दिसतो.

शिक्षेचा आदेश हाती आल्यावर पहिला अर्ज विद्यापीठाकडेच करणे श्रेयस्कर. मूल्यमापनातील अन्यायाच्या तक्रारींसाठी आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिचा निर्णय अमान्य असल्यास १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. केवळ फेरतपासणीची मागणी मात्र लोकपाल ऐकत नाही. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. अपिलापूर्वी तो वापरलेला बरा.

शेवटचा मार्ग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील रिट याचिकेचा. अहिल्यानगर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतो. म्हणजे परीक्षा नगरला, सुनावणी पुण्याला आणि दाद संभाजीनगरला! अकोले किंवा जामखेडच्या विद्यार्थ्याला हा प्रवास खर्चाचा आणि वेळेचाही आहे. शिवाय न्यायालय चिठ्ठी होती की नव्हती हे नव्याने तपासत बसत नाही. नोटीस मिळाली होती का, पुरावा दाखवला होता का, म्हणणे ऐकले का, आदेशात कारणे आहेत का आणि शिक्षा चुकीच्या प्रमाणात आहे का, एवढेच ते प्रामुख्याने पाहते. त्यामुळे नोटीस, जबाबाची प्रत आणि आदेश हे कागद सुरुवातीपासून जपून ठेवावे लागतात. प्रत मिळाली नसल्यास ती लेखी अर्ज करून मागावी आणि त्या अर्जाची पोच घ्यावी.