‘समाचाराचे द्रव्य’ : जपानमधील धातुप्रदूषण आणि दायित्वाची भाषा

जपानमधील क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथे १९५९ सालच्या ३० डिसेंबर रोजी एक करार झाला. कराराचा एक पक्ष म्हणजे खते व रसायने तयार करणारी एक मोठी कंपनी. ती १९६५ नंतर ‘चिस्सो’ या नावाने ओळखली जाऊ लागली व येथेही सोयीसाठी तेच नाव वापरले आहे. दुसरा पक्ष म्हणजे एका अनाकलनीय मज्जाविकाराने ग्रासलेल्या, बहुतांशी कोळी असलेल्या कुटुंबांचा. मृतामागे ३ लाख येन, प्रौढ रुग्णास वार्षिक १ लाख येन व बालरुग्णास वार्षिक ३० हजार येन द्यावेत असे ठरले. रुग्णांची मूळ मागणी प्रत्येकी ३० लाख येनांची होती. हा करार जपानी विधिवाङ्मयात ‘मिमाईकिन करार’ म्हणून प्रसिद्ध आहे.

‘मिमाई’ म्हणजे आजारी किंवा संकटग्रस्त माणसाच्या भेटीस जाऊन त्याची विचारपूस करणे. ‘किन’ म्हणजे पैसा. मराठीत ‘समाचारास जाणे’ हा वाक्प्रचार याच अर्थी रूढ असल्याने ‘समाचाराचे द्रव्य’ हा त्याचा जवळचा प्रतिशब्द होईल. समाचारास जाणारा माणूस आजाराला जबाबदार नसतो. तो शेजारधर्म म्हणून जातो. कंपनीने हा शब्द योजला त्यातच तिची सारी कायदेशीर भूमिका सामावलेली होती. (मराठीत ‘समाचार घेणे’ याचा अर्थ अगदी निराळा होतो. तो प्रसंग टाळणे हाच या कराराचा हेतू होता, असे म्हटल्यास ती कोटी वाटेल, पण ती वस्तुस्थितीस धरून आहे.)

कराराचे चौथे व पाचवे कलम शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. कारखान्याचे सांडपाणी हे रोगाचे कारण नव्हे असे पुढे ठरल्यास रकमा बंद होतील, असे चौथे कलम सांगते. पाचवे कलम सांगते की, सांडपाणी हेच कारण होय असे पुढे ठरले तरी रुग्णांनी नव्याने कोणतीही भरपाई मागू नये. म्हणजे विज्ञानाचा निर्णय कोणत्याही बाजूस झुकला तरी कंपनीचे देणे वाढण्याचा संभव उरला नाही. धातुप्रदूषणाच्या दायित्वाचा जपानमधील इतिहास हा पुष्कळ अंशी या पाचव्या कलमाचा, म्हणजे ‘पुन्हा तक्रार करणार नाही’ या वाक्याचा इतिहास आहे.

हे वाक्य मिनामातात जन्मले नाही. त्याची परंपरा पाहण्यासाठी तोचिगी प्रांतातील आशिओ येथील तांब्याच्या खाणीकडे जावे लागते. फुरुकावा घराण्याच्या या खाणीतील तांबेमिश्रित गाळ वातारासे नदीच्या पुराबरोबर खालच्या भातखाचरांत पसरू लागला, तेव्हा तानाका शोझो (जपानी रीतीनुसार येथे आडनाव प्रथम दिले आहे) या लोकप्रतिनिधीने १८९१ च्या अखेरीस संसदेत प्रश्न उपस्थित केला. सरकारने उत्तर दिले, पण प्रश्न प्रत्यक्षात मिटवला गेला तो गावोगाव झालेल्या खाजगी तडजोडींनी. या तडजोडींना ‘जिदान’ म्हणत. आरंभीच्या जिदानात खाणीतील भुकटी पकडणारी यंत्रे बसवून त्यांचा गुण येईपर्यंत शेतकऱ्यांनी गप्प राहावे अशी मुदत होती. पुढे चीन-जपान युद्धाच्या सुमारास ‘कायमचे जिदान’ आले : किरकोळ रक्कम एकदाच घ्यावी आणि यापुढे कधीही तक्रार करू नये. १८९६ च्या महापुराने या ‘कायम’ शब्दाचा फोलपणा उघडा केला. १९०१ च्या डिसेंबरमध्ये तानाकाने सम्राटाच्या रथापुढे जाऊन अर्ज देण्याचा प्रयत्न केला, तो प्रसंग सर्वश्रुत आहे. १९०७ साली यानाका हे गाव पूरनियंत्रणाच्या नावाखाली उठविण्यात आले. वातारासेच्या शेतकऱ्यांना कंपनीकडून भरपाईची तडजोड मिळाली ती १९७४ साली, तानाकाच्या निधनास ६१ वर्षे झाल्यावर.

खुद्द मिनामातातही हीच परिपाठी होती. मासेमारीच्या नुकसानीबद्दल चिस्सोने १९२६ साली स्थानिक मच्छीमार संघास १,५०० येन दिले, तेही ‘समाचाराचे द्रव्य’ म्हणून, आणि पुन्हा तक्रार न करण्याच्या अटीवर. तेव्हा १९५९ चा करार लिहिणाऱ्यांना नवे काही सुचवावे लागले नाही. मसुदा जणू तयारच होता.

शेतकरी व कोळी न्यायालयात का गेले नाहीत, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. जपानी नागरी संहितेच्या ७०९ व्या कलमान्वये नुकसानीचे दायित्व ठरण्यास प्रतिवादीचा हेतू किंवा हयगय सिद्ध व्हावी लागते. १९१६ साली ओसाका येथील एका अल्कली कारखान्याच्या धुराने पिके जळाल्याचा दावा तत्कालीन सर्वोच्च न्यायपीठापुढे आला. धंद्याच्या स्वरूपास साजेशी उपकरणे बसविली असतील तर हयगय झाली असे म्हणता येणार नाही, असे तत्त्व तेव्हा सांगण्यात आले. फेरसुनावणीत कारखाना हरला हे खरे. परंतु विधिग्रंथांतून टिकून राहिले ते तत्त्व. उद्योगाची रीत हीच काळजीची मोजपट्टी ठरली, आणि सर्वच कारखाने सांडपाणी नदीत सोडत असताना एकाची हयगय सिद्ध करणे दुष्कर झाले. या नियमास एक महत्त्वाचा अपवाद होता. १९३९ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणीच्या सांडपाण्याने वा कचऱ्याने झालेल्या हानीस खाणमालक हयगयीवाचूनही जबाबदार धरला गेला, आणि १९५० च्या खाण कायद्याच्या १०९ व्या कलमात ती तरतूद कायम राहिली. आशिओच्या शेतकऱ्यांना तिचा उपयोग झाला नाही. तो झाला जिंझू नदीकाठच्या स्त्रियांना.

जिंझू नदी गिफू प्रांतातून तोयामाच्या मैदानात उतरते. तिच्या वरच्या अंगास मित्सुईची कामिओका ही शिशाची व जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम असतेच. ते बारीक गाळाच्या रूपाने नदीत आणि पाटाच्या पाण्यातून भातशेतीत गेले. पुष्कळ बाळंतपणे झालेल्या, वय उतरणीस लागलेल्या स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार होई, हाडे मऊ पडत, आणि नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडे. रोगाला नाव पडले ते त्यांच्या विव्हळण्यावरून : ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. रोगाच्या नावात कारण नसून केवळ वेदना आहे. कारणाचा शोध लागेपर्यंत दुसरे नाव देणे शक्यही नव्हते. स्थानिक डॉक्टर हागिनो नोबोरू यांनी १९५७ साली खाणीच्या विषाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांची उपेक्षाच झाली. पुढे ओकायामा विद्यापीठातील कोबायाशी जुन यांच्या पृथक्करणाने कॅडमियमकडे बोट दाखविले.

१९६८ च्या मार्चमध्ये तोयामा जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. खाण कायद्यामुळे हयगयीचा प्रश्न उरला नव्हता. वाद होता तो कार्यकारणसंबंधाचा. कॅडमियम शरीरात नेमके कोणत्या मार्गाने हाडे मऊ करते हे सांगा, त्यासाठी तज्ज्ञांची नवी तपासणी नेमा, असा कंपनीचा आग्रह होता. तो मान्य झाला असता तर वृद्ध वादींचे आयुष्य दाव्याआधी संपले असते. न्यायालयाने तो फेटाळला. रोग कोठे आढळतो, कोठे आढळत नाही, नदीचे पाणी कोठवर जाते, या साथशास्त्रीय पुराव्यावरून कायद्यापुरता कार्यकारणसंबंध सिद्ध होतो, असा निर्णय ३० जून १९७१ रोजी झाला. ९ ऑगस्ट १९७२ रोजी नागोया उच्च न्यायालयाच्या कानाझावा शाखेने तो उचलून धरला व भरपाई दुप्पट केली : रुग्णास ८० लाख, मृतामागे १ कोटी येन.

दुसऱ्याच दिवशी कंपनीने ज्या कागदांवर सह्या केल्या त्यांतील एक विशेष उल्लेखनीय आहे. त्यान्वये रहिवाशांस व त्यांनी निवडलेल्या शास्त्रज्ञांस केव्हाही खाणीत प्रवेश करून पाहणी करण्याचा हक्क मिळाला, आणि त्याचा खर्च कंपनीने सोसावयाचा होता. ‘पुन्हा तक्रार करणार नाही’ या जुन्या कलमाच्या हे नेमके उलट आहे : तक्रारीला कायमची वाट मोकळी झाली. १९७२ पासून वर्षानुवर्षे ही पाहणी होत राहिली. ८६३ हेक्टर शेतजमिनीची माती बदलण्याचे काम २०१२ साली पुरे झाले. जपानमधील चार प्रसिद्ध प्रदूषण-खटल्यांत मिनामाताची चर्चा सर्वाधिक होते. प्रत्यक्ष परिणामाच्या दृष्टीने कामिओकाचा हा कागद अधिक मोलाचा मानावा लागेल.

दरम्यान १९६५ साली होन्शू बेटावर, आगानो नदीवर निईगाता येथे, मिनामाताचाच पारदविकार प्रकट झाला. तेथील प्रतिवादी शोवा देन्को या कंपनीने १९६४ च्या भूकंपात वाहून गेलेल्या कीटकनाशकांवर दोष ढकलला. तिने ॲसिटाल्डिहाइड तयार करण्याची यंत्रसामग्री तोवर मोडून टाकली होती, त्यामुळे आतला पुरावा मिळण्याची आशा नव्हती. २९ सप्टेंबर १९७१ च्या निर्णयात न्यायालयाने यावर जो तोडगा काढला तो विधिशास्त्रात ‘कारखान्याच्या दारापर्यंत’ या नावाने ओळखला जातो. वादींनी विषाचा माग दारापर्यंत आणून पोचविला की पुढचा भार कंपनीवर. आत ते विष तयार झाले नाही हे तिने दाखवावे. हयगय, कारण आणि पुरावा या तिन्ही अडचणी अशा रीतीने एकेक करून दूर होत गेल्या.

मिनामाताच्या रुग्णांपुढे मात्र चौथी अडचण होती : त्यांनी सही केली होती. १९५६ च्या मे महिन्यात कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख होसोकावा हाजिमे यांनी रोगाची पहिली अधिकृत सूचना दिली. १९५९ च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पारा हे कारण सांगितले. त्याच सुमारास होसोकावांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी मांजरास घालून पाहिले. नोंदवहीतील ४०० क्रमांकाच्या त्या मांजरास ऑक्टोबरमध्ये रोगाची लक्षणे दिसली. कंपनीने प्रयोग थांबविला व निष्कर्ष दडपला. करार झाला तो यानंतर. ‘पुढे काहीही ठरले तरी’ हे शब्द लिहिणाऱ्या पक्षाजवळ काय ठरणार याची खूण आधीच होती. सही करणाऱ्या पक्षास ती ठाऊक नव्हती. ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन १९६८ च्या मेपर्यंत चालू राहिले, आणि ते बंद पडल्यावर, सप्टेंबरमध्ये, सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले. होसोकावांनी १९७० च्या जुलैत रुग्णशय्येवरून साक्ष दिली व त्याच वर्षी ते निवर्तले.

२० मार्च १९७३ रोजी कुमामोतो जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. नेमके कोणते द्रव्य घातक ठरेल हे आधी कळणे अशक्य होते, हा चिस्सोचा बचाव त्याने अमान्य केला. तसे मानले तर हानी घडून येईपर्यंत रहिवाशांवर प्रयोगच चालू ठेवण्यास संमती दिल्यासारखे होईल, असा त्याचा आशय होता. रासायनिक कारखान्याने आपले सांडपाणी तपासलेच पाहिजे आणि शंका येताच काम थांबविले पाहिजे, असे त्याने सांगितले. १९१६ ची मोजपट्टी येथे मोडीत निघाली. १९५९ चा करार नागरी संहितेच्या ९० व्या कलमाखाली, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था व सदाचार यांच्या विरुद्ध म्हणून, शून्यवत ठरविण्यात आला : कंपनीने दायित्व नाकारून, पीडितांच्या अज्ञानाचा व विपन्नतेचा फायदा घेऊन, अत्यल्प रकमेत त्यांचा हक्क सोडवून घेतला होता. भरपाई ठरली १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख येन.

येथे शब्दांकडे पुन्हा वळले पाहिजे. जपानी विधिभाषेत ‘बाईशो’ म्हणजे बेकायदेशीर कृत्याबद्दलची भरपाई, तर ‘होशो’ म्हणजे कायदेशीर कृत्यामुळे झालेल्या तोट्याची पूर्ती. न्यायालयाने दिला तो बाईशो. पण त्याच १९७३ साली संसदेने प्रदूषणजन्य आरोग्यहानीचा जो कायदा केला, त्याच्या नावात शब्द आहे तो ‘होशो’. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. निवाड्याने उघड केलेला दोष कायद्याच्या नावाने पुन्हा झाकला गेला.

आणि ते जुने वाक्यही परतले. प्रमाणित रुग्ण कोणास म्हणावे याचे निकष १९७७ साली कडक झाले. अर्ज नाकारलेल्यांची संख्या हजारांवर गेली. १९९५ साली शासनाने राजकीय तडजोड पुढे केली : सुमारे दहा हजार लोकांस प्रत्येकी २६ लाख येन, रुग्ण म्हणून मान्यता नाही, शासनाचे दायित्व नाही, आणि चालू दावे मागे घ्यावेत. मिनामाता सोडून ओसाकाच्या परिसरात पोटासाठी गेलेल्या काही लोकांनी तेवढी सही केली नाही. त्यांच्याच दाव्यात १५ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, १९५९ च्या अखेरीनंतर सांडपाण्यावर नियंत्रण न घालण्याबद्दल राष्ट्र व कुमामोतो प्रांत हेही दोषी आहेत. १९५९ ची अखेर, म्हणजे नेमकी मिमाईकिन कराराची वेळ. २००९ च्या विशेष कायद्याने पुन्हा तडजोड झाली. या वेळी रक्कम २१ लाख होती, शब्द होता ‘क्यूसाई’ म्हणजे साहाय्य, आणि अट होती पुढे दावा न करण्याची.

या योजनेबाहेर राहिलेल्यांचे दावे अद्याप मिटलेले नाहीत. २७ सप्टेंबर २०२३ रोजी ओसाका जिल्हा न्यायालयाने सर्व १२८ वादींस रुग्ण मानून प्रत्येकी २७ लाख ५० हजार येन देवविले. त्यावर अपील झाले. सहा महिन्यांनी, २२ मार्च २०२४ रोजी, कुमामोतो जिल्हा न्यायालयाने १४४ वादींपैकी २५ जणांना मिनामाता रोग झाल्याचे मान्य केले, आणि वीस वर्षांची मुदत उलटल्यामुळे त्यांचा हक्क संपला आहे असे सांगून सर्वांचे दावे काढून टाकले.