रज्मनामा : एका ग्रंथाची किंमत

१/७
इ.स. १५८२ मध्ये अकबराने महाभारत फारसीत आणण्याचा हुकूम दिला. त्या भाषांतराचे नाव ‘रज्मनामा’, म्हणजे युद्धांचा ग्रंथ. खुद्द बादशहासाठी सिद्ध झालेल्या प्रतीत दीडशेहून अधिक चित्रे होती. ही प्रत पुढे जयपूरच्या राजसंग्रहात गेली. एवढे वैभव उभे राहिले कोणाच्या हातांनी आणि किती पैशांत?

२/७
चित्र सहसा एकट्याचे नसे. एकाने आखणी करायची, ती ‘तरह’. दुसऱ्याने रंगकाम करायचे, तो ‘अमल’. कधी चेहरे तिसराच रंगवी. पानाच्या खालच्या समासात ही नावे कारकून टिपून ठेवी.

३/७
‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजल सांगतो : दर आठवड्याला चित्रकारांचे काम बादशहापुढे मांडले जाई आणि गुणवत्तेनुसार बक्षीस मिळे किंवा पगार वाढे. समासातील त्या नोंदी म्हणूनच गौरवापेक्षा हिशेबाशी अधिक जवळच्या वाटतात.

४/७
याच नोंदींत दसवंत भेटतो. हा कहाराचा, म्हणजे पालखी वाहणाऱ्याचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढणाऱ्या या मुलाला अकबराने हेरले आणि ख्वाजा अब्दुस्समद यांच्या हाताखाली दिले. रज्मनाम्यातील सुमारे ३० चित्रांची आखणी त्याची आहे. पुढे त्याला वेडाने ग्रासले आणि ग्रंथ पुरा होण्याआधीच त्याने आत्महत्या केली.

५/७
आता पैशांकडे वळू. १६०५ मध्ये अकबर वारला, तेव्हा त्याच्या ग्रंथालयात २४,००० ग्रंथ होते आणि त्यांचे मूल्य सुमारे ६५ लाख रुपये होते, अशी नोंद युरोपीय वृत्तांतांत आढळते. म्हणजे सरासरी एका ग्रंथाला २७० रुपये. सचित्र शाही प्रतीचे मोल याहून कितीतरी अधिक असणार.

६/७
‘आईन’मध्ये साध्या मजुराची रोजची मजुरी २ दाम आहे, ४० दामांचा १ रुपया. २७० रुपये म्हणजे ५,४०० दिवसांची मजुरी. एकही दिवस खाडा न करता, एक दामही न खाता, जवळजवळ १५ वर्षे राबावे, तेव्हा एका सरासरी ग्रंथाची किंमत जमे!

७/७
कागद घोटून गुळगुळीत करणारे, बदख्शानचा लाजवर्द कुटून निळा रंग काढणारे, सोन्याचा वर्ख ठोकणारे हात मात्र समासात कुठेच नाहीत. दसवंताचे नाव उरले, कारण त्याच्या कामाचा हिशेब ठेवला गेला. मुघल चित्र पाहताना एकदा खालचा समास अवश्य वाचावा. तिथे कोण आहे हे पाहावे, आणि कोण नाही हेही.