एलीची चौकशी आणि त्यानंतरची पन्नास वर्षे

ब्रिटनच्या नकाशात इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. एके काळी तो दगडी कोळशासाठी प्रसिद्ध होता. तेथे वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषा नांदतात. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, हा अनुभव आपल्या सीमाभागातील वाचकाला काही नवा नाही. या वेल्सची राजधानी कार्डिफ. तिच्या एली नावाच्या भागात एक जुने रुग्णालय होते. १९६७ साली त्याच्या भिंतींआडचे प्रकार उजेडात आले आणि मतिमंद प्रौढांना कोठे आणि कसे ठेवावे, याविषयी एका देशाचा विचार बदलू लागला. आपल्या क्रमिक पुस्तकांत लढाया येतात, तह येतात. अशा चौकशा येत नाहीत. तीस वर्षे इतिहास शिकवल्यावर मला मात्र वाटू लागले आहे की, एखाद्या समाजाचे खरे रूप पाहायचे असेल तर त्याचे जयस्तंभ बाजूला ठेवून त्याच्या चौकशी समित्यांचे अहवाल वाचावेत.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. मुख्याध्यापकाच्या खोलीत पालक अनेक कामांसाठी येतात. त्यांतले काही दाखल्याचे काम आटोपले तरी खुर्चीवरून उठत नाहीत. थोरला मुलगा पुण्याला, मुलगी हुबळीला, सारे ठीक चाललेले असते. मग आवाज खाली येतो आणि तिसऱ्या अपत्याचा विषय निघतो. ते तीस-पस्तीस वर्षांचे असते, पण त्याला बटण लावून द्यावे लागते, रस्ता ओलांडून द्यावा लागतो. "सर, आमच्या माघारी याचे कसे?" या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नाही. परंतु हाच प्रश्न इतरांना पडला तेव्हा त्यांनी काय केले, कोठे ठेचा खाल्ल्या, हे सांगता येईल. इतिहासाच्या शिक्षकाने एवढे तरी करावे.

एक खुलासा आधीच करतो. 'मतिमंद' हा शब्द आता मागे पडला आहे. आपल्या २०१६ च्या कायद्यात 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द आहे. जुन्या काळाबद्दल लिहिताना मी जुना शब्द वापरला आहे, तो केवळ त्या काळाची ओळख म्हणून.

एलीची इमारत १८६२ साली गरीब, निराधार मुलांच्या उद्योगशाळेसाठी उभी राहिली. पुढे तेथे निराश्रित वृद्ध, आजारी आणि मतिमंद माणसे ठेवली जाऊ लागली. १९१३ साली ब्रिटनमध्ये मतिमंदांविषयीचा कायदा झाला. त्याने अशा माणसांची प्रतवारी करून त्यांना समाजापासून दूर, वसाहतींमध्ये ठेवण्याची सोय केली. 'सोय' समाजाची होती, त्यांची नव्हे. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा या वसाहती तिच्याकडे आल्या आणि त्यांच्यावर 'रुग्णालय' अशी पाटी लागली. आत राहणाऱ्यांना कोणताही रोग नव्हता, तरी ते रुग्ण ठरले. औषधाने बरे होण्यासारखे काही नसल्यामुळे त्यांना घरी सोडण्याची तारीखही येत नसे. कित्येक जण लहानपणी आत गेले आणि म्हातारपणी तेथेच वारले. १९६० च्या दशकाअखेर इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा रुग्णालयांत सुमारे साठ हजार माणसे होती.

ऑगस्ट १९६७ मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राने एका परिचारकाची तक्रार छापली. त्याने एलीमध्ये काम केले होते. रुग्णांना मारहाण होते, त्यांच्या वाट्याचे अन्न आणि कपडे कर्मचारी पळवतात, तक्रार केली तर वरिष्ठ कानांवर हात ठेवतात, असे त्याचे म्हणणे होते. चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष जेफ्री हाव हे नामांकित वकील होते आणि ते स्वतः वेल्समध्येच जन्मलेले होते. हेच गृहस्थ पुढे १९७९ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री झाले.

समितीने तक्रारीची शहानिशा केली. काही रुग्णांना क्रूर वागणूक मिळत होती आणि चोऱ्याही होत होत्या, असे तिला आढळले. पण हाव तेवढ्यावर थांबले नाहीत. एलीतले परिचारक जन्मतः दुष्ट होते, असा सोपा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. माणसे अपुरी होती, वॉर्ड खचाखच भरलेले होते, प्रशिक्षण जुन्या काळातले होते. व्यवस्थापन समिती कागदोपत्री जबाबदार होती, पण वॉर्डात काय चालते याची तिला दादच नव्हती. बाहेरचा वारा आत येत नव्हता. अशा ठिकाणी चांगल्या माणसालाही वाईटाची सवय होते, आणि जो सवय करून घेत नाही तो तक्रारखोर ठरतो.

अहवाल तयार झाला तेव्हा तो संक्षेपात छापावा की संपूर्ण, हा प्रश्न आला. सामाजिक सेवा खात्याचे मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी मार्च १९६९ मध्ये तो संपूर्ण प्रसिद्ध केला. त्याच सुमारास रुग्णालयांना भेटी देऊन सरकारला कळवणारी स्वतंत्र सल्लागार यंत्रणाही त्यांनी उभारली. १९७१ साली सरकारची श्वेतपत्रिका आली. पुढील वीस वर्षांत प्रौढांसाठीच्या रुग्णालयीन जागा सुमारे निम्म्यावर आणाव्यात आणि त्याऐवजी वस्तीत निवासाची सोय करावी, असे तिने सांगितले.

आता प्रश्न असा की, चांगले निवासस्थान म्हणजे काय, हे मोजायचे कसे? येथे जॅक टिझार्ड या मानसशास्त्रज्ञाचे काम उपयोगी पडले. न्यूझीलंडमध्ये वाढलेला आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला हा संशोधक. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने लंडनच्या फाउंटन हॉस्पिटलमधील सोळा मुलांना ब्रुकलँड्स येथील एका घरात हलवले. रुग्णालयाची शिस्त काढून टाकली आणि लहान गट, खेळ, ठरावीक माणसांचा सहवास असे घरगुती वातावरण ठेवले. रुग्णालयातच राहिलेल्या तशाच मुलांच्या तुलनेत या मुलांच्या बोलण्यात स्पष्ट सुधारणा झाली. मुले तीच होती, फक्त घर बदलले होते.

पुढे १९७१ साली टिझार्डने दोन सहकाऱ्यांसह एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात निवासी संस्थांची पारख करण्यासाठी अगदी साधे प्रश्न होते. सुटीच्या दिवशीही सगळ्यांना एकाच वेळी उठवतात का? आंघोळीसाठी, जेवणासाठी रांगेत ताटकळत ठेवतात का? प्रत्येकाचे कपडे, वस्तू वेगळ्या असतात का? कर्मचारी त्यांच्याबरोबर बसून जेवतात का? या प्रश्नांमागे चार दोष शोधण्याचा हेतू होता: दिनक्रमाचा ताठरपणा, सगळ्यांना एकाच दावणीला बांधणे, माणसाचे वेगळेपण पुसणे, आणि सांभाळणारा व सांभाळला जाणारा यांच्यातील अंतर. शाळेशी संलग्न वसतिगृहाचा थोडाफार अनुभव असल्यामुळे सांगतो, हे प्रश्न वाचताना कोणीही संस्थाचालक अस्वस्थ होईल. इमारतीचा रंग आणि जमाखर्चाची वही यांहून ते फार अवघड आहेत.

एलीची पुढची हकीकत एका विद्यार्थ्यापासून सुरू होते. जिम मॅन्सेल हा कार्डिफमध्ये शिकणारा तरुण एलीत स्वयंसेवक म्हणून जात असे. १९७४ साली त्याने आणि त्याच्या साथीदारांनी कार्डिफमध्ये एक घर घेतले. त्यात एलीतून आणलेली काही प्रौढ माणसे आणि विद्यार्थी एकत्र राहू लागले. स्वयंपाक, बाजारहाट, केर-वारे सगळ्यांनी मिळून करायचे. त्यानंतर १९८१ मध्ये कार्डिफच्या एका भागात 'निमरॉड' नावाचा प्रकल्प सुरू झाला. तेथील मतिमंद प्रौढांना वस्तीतल्या साध्या घरांतून राहता यावे, अशी त्याची आखणी होती. या अनुभवांच्या पाठबळावर १९८३ मध्ये संपूर्ण वेल्ससाठी एक धोरण जाहीर झाले. त्याची तीन सूत्रे होती: या माणसांना समाजात सर्वसामान्य जीवन जगण्याचा हक्क आहे, त्यांना व्यक्ती म्हणून वागवले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी जादा मदत समाजाने व तज्ज्ञांनी दिली पाहिजे. एली रुग्णालय १९९६ मध्ये कायमचे बंद झाले. मॅन्सेल पुढे केंट विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २०१२ मध्ये वारले. माणसाला नुसते लहान घर देऊन भागत नाही, त्याला दिवसभर करण्याजोगे काही हवे आणि ते करताना हाताला हात लावणारा कोणी हवा, हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा गाभा.

२००० साली इंग्लंड-वेल्ससाठी देखभालीच्या दर्जाचा कायदा झाला आणि २००२ पासून किमान मानके लागू झाली. प्रत्येकाची स्वतंत्र देखभाल योजना, तक्रारीची पद्धत, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, खोलीचा खासगीपणा हे सारे लेखी आले. तपासनीस आले. मग प्रश्न सुटला का?

नाही. ३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयाचे गुप्त चित्रण दाखवले गेले. तेथे फक्त चोवीस खाटा होत्या. दर माणशी आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड खर्च सरकारी पैशातून होत असे. तरीही कर्मचारी तेथील माणसांना मारत होते, ओढत होते, छळत होते. त्याची रीतसर नोंदणी होती, तपासणीही झाली होती. एका वरिष्ठ परिचारकाने आधीच व्यवस्थापनाला आणि नियामक संस्थेला कळवले होते. कोणी दखल घेतली नाही. अकरा कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांतील सहा तुरुंगात गेले. सरकारने अशा माणसांना रुग्णालयांतून बाहेर आणण्याचे वचन २०१२ मध्ये दिले. मुदत टळली, आणि दहा वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये ती संख्या दोन हजारांच्या आसपास होती.

एली आणि विंटरबोर्न यांत चव्वेचाळीस वर्षांचे अंतर आहे. एक प्रचंड होते, दुसरे लहान. एक कंगाल होते, दुसरे महागडे. दोहोंत समान ते इतकेच: दोन्हीकडे माणसे आपल्या गावापासून तुटलेली होती, रोज आत जाणारे बाहेरचे कोणी नव्हते, आणि तक्रार करणाऱ्याला कोणी विचारले नाही. मानके आवश्यक आहेत, पण कागदावरच्या मानकाला स्वतःचे डोळे नसतात. ते डोळे नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे असावे लागतात.

आपल्याकडची वाट याच ब्रिटिश कायद्यांच्या सावलीतून निघाली. १९१२ च्या भारतीय वेड्यांच्या कायद्यात मतिमंद आणि मनोरुग्ण एकाच व्याख्येत बसवले होते. तो १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गेला आणि मतिमंदत्व मनोरोगाच्या व्याख्येबाहेर काढले गेले. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा आला. पालकत्वाच्या प्रश्नासाठी जिल्हा पातळीवर समित्या आल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला, आणि त्याच कायद्याने नोंदणीशिवाय संस्था चालवण्यास बंदी केली. कायदा आपल्याकडेही झाला आहे. डोळ्यांचा प्रश्न आपल्याकडेही तोच आहे.

यात आपल्या भागाची एक जादा अडचण आहे, आणि ती वेल्सने ओळखली आहे. वेल्सच्या सरकारने २०१२ साली आरोग्य आणि समाजसेवांतील वेल्श भाषेसाठी एक आराखडा जाहीर केला. वेल्शमधून सेवा मिळावी म्हणून माणसाला मागणी करावी लागू नये, ती आपण होऊन देऊ केली जावी, हे त्याचे मुख्य तत्त्व. ज्यांना याची सर्वांत अधिक गरज आहे, त्यांत बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा समावेश केला आहे. कारण उघड आहे. आपण दोन-तीन भाषांत वावरतो. पण ज्याच्यापाशी एकूण पन्नास शब्दच आहेत आणि ते सारे आईकडून आलेले आहेत, त्याला दुसरी भाषा शिक, असे कोण सांगणार? माझ्या परिचयातील एक चाळिशीचा गृहस्थ पाण्याला 'मम' म्हणतो. घरात ते सर्वांना कळते. उद्या तो कन्नड बोलणाऱ्या, किंवा पुण्या-मुंबईच्या मराठीच्या संस्थेत गेला, तर त्याचे पाणी मागणे आरडाओरडा ठरू शकते. हे भाषेच्या भांडणाचे कारण नव्हे. आपल्याकडचे कितीतरी कन्नडभाषक परिचारक मराठी समजून घेतात आणि मराठी घरांत कन्नड सहज बोलली जाते. म्हणूनच हे मानक आपल्याला सहज पाळता येईल: प्रत्येक माणसाच्या शब्दांची आणि खुणांची एक वही करावी आणि ती त्याच्याबरोबर जावी. ही वही आईवडील असतानाच लिहावी लागते.

तेव्हा संस्था पाहायला जाल तेव्हा कळवून जाऊ नका. तपासणीच्या दिवशी शाळासुद्धा कशी झाडून-पुसून लख्ख असते, हे मी जाणतो. जेवणाच्या वेळी जा. येथे कोण कोणाबरोबर जेवते ते पाहा. आजारी पडल्यावर कोण निर्णय घेतो, ते विचारा. तक्रार करून काही बदलले, अशी एक तरी घटना सांगा म्हणावे. आणि त्याचे कपाट उघडून दाखवायला सांगा. दिवाळीला घरून पाठवलेला नवा सदरा त्यात असेल, त्याच्याच मापाचा असेल, आणि "हा माझा" असे तो आपल्या शब्दांत किंवा खुणेने सांगू शकत असेल, तर त्या संस्थेचा विचार करायला हरकत नाही.