तरुणांच्या व्यसनांची विचारपूस

तरुण पिढी व्यसनाच्या आहारीं जात चालली आहे, ही ओरड प्रत्येक पिढीच्या वडील माणसांनीं केलेली आहे. तींत तथ्य किती व भीति किती हें ठरवावयाचें तर मोजदाद पाहिजे. आणि मोजदाद करावयाची तर कोणास तरी विचारलें पाहिजे. परंतु नशेच्या बाबतींत विचारणाऱ्याचा पोशाख, विचारण्याची वेळ आणि विचारण्याचें साधन या तिहींवर उत्तर अवलंबून असतें. हल्ली हें काम तरुणांच्या खिशांतील मोबाइलवर आणि त्यांतल्या ॲपवर सोंपविण्याचा प्रघात संशोधकांत पडला आहे. हें साधन एकाएकीं उत्पन्न झालेलें नाहीं. त्याच्यामागें सव्वाशेंहून अधिक वर्षांच्या चुका व दुरुस्त्या आहेत, आणि त्यांचा आरंभ आमच्याच देशांत सांपडतो.

१८९३ सालच्या मार्च महिन्यांत विलायतेच्या पार्लमेंटांत गांजाविषयीं प्रश्न निघाला आणि त्याच वर्षीं जुलैंत हिंदुस्थान सरकारनें भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. मुंबई इलाख्यांतून ओमॅनी नांवाचे कलेक्टर त्यावर होते, आणि सात सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते. कमिशननें ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ सालीं आपला अहवाल सादर केला. त्या काळीं सर्वत्र अशी समजूत होती कीं, गांजा ओढणारा अखेरीस वेडा होतो. आणि या समजुतीस आधार म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे आंकडे दाखविले जात.

कमिशननें हे आंकडे जसेच्या तसे न स्वीकारतां एकेक प्रकरण उलगडून पाहिलें. १८९२ सालीं इस्पितळांत नव्यानें आलेल्या १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांचें वेड गांजा-भांगेच्या माथीं मारलेलें होतें. तपासणीअंतीं त्यांतील अवघीं ९८ प्रकरणें टिकलीं, आणि त्यांपैकींहि ३७ जणांच्या बाबतींत दारूसारखें दुसरें एखादें कारण जोडीस होतें. मग मूळचा आंकडा फुगला कसा? रोग्यास इस्पितळांत धाडतांना त्याच्याबरोबर एक छापील कागद जात असे आणि त्यांत वेडाचें कारण भरावें लागे. तो कागद बहुधा पोलिसांच्या माहितीवरून तयार होई. कारण ठाऊक नसलें तरी रकाना रिकामा ठेवणें बरें दिसत नसे, आणि फकीर-बैराग्यांच्या बाबतींत गांजा हें कारण हाताशीं आयतें तयार असे. तेंच पुढें इस्पितळाच्या वहींत आणि वहींतून सरकारी वार्षिक अहवालांत उतरे. अशा रीतीनें एका शिपायाचा तर्क हा शास्त्रीय सिद्धान्त होऊन बसला.

कमिशनची ही कामगिरी आम्हांस फार मोलाची वाटते. तथापि तिचीहि एक मर्यादा होती. साक्षीदारांत अंमलदार, डॉक्टर, वैद्य, जमीनदार यांचा भरणा मोठा. ज्याच्याविषयीं एवढा खटाटोप चालला होता, त्या तरुण गांजेकसाचें म्हणणें बहुतांशीं दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकावें लागलें.

ज्याचें त्यालाच विचारण्याची रीत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली ती अमेरिकेंत. तेथील मिशिगन विद्यापीठानें १९७५ सालापासून शाळेच्या शेवटच्या वर्गांतील मुलामुलींस दरसाल छापील प्रश्नावली देऊन दारू, तंबाखू, गांजा इत्यादिकांविषयीं विचारण्यास आरंभ केला. १९९१ पासून आठव्या व दहाव्या इयत्तेंतील मुलेंहि त्यांत घेतलीं गेलीं. तोच प्रश्न तशाच शब्दांत दरवर्षीं विचारल्यामुळें कोणतें व्यसन वाढतें आहे व कोणतें ओसरतें आहे, हें प्रथमच विश्वासानें सांगतां येऊं लागलें. पण येथेंहि दोन उणिवा राहिल्या. ज्यानें शाळा सोडली किंवा जो त्या दिवशीं वर्गांत नव्हता, तो मोजदादींतून निसटला. आणि जो हजर होता त्यास गेल्या महिन्याचा, गेल्या वर्षाचा हिशेब स्मरणानें द्यावा लागला. नशेच्या घटकेचें स्मरण किती धड राहतें, हें सांगावयास पाहिजे असें नाहीं.

स्मरणावर विसंबण्याऐवजीं ती घटकाच गांठावी, ही कल्पना शिकागो विद्यापीठांतील मिहाय चिकसेंटमिहायी व त्यांचे सहकारी रीड लार्सन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत प्रत्यक्षांत आणली. त्यांनीं शाळकरी मुलांच्या कमरेस पेजर लावले. दिवसांतून कांहीं वेळां, कोणत्याहि क्षणीं तो वाजे. आणि वाजतांच मुलानें आपण कोठें आहों, कोणाबरोबर आहों, काय करीत आहों व मनाची स्थिति कशी आहे हें वहींत टिपावयाचें. १९८४ सालीं त्यांनीं यांतूनच दारू व गांजाविषयीं निबंध प्रसिद्ध केला. दारू ही मुख्यतः शुक्रवार-शनिवारच्या रात्रीं मित्रमंडळींत पिण्यांत येते, गांजा मात्र दिवसाच्या साध्यासुध्या प्रसंगांत विखुरलेला असतो, हा भेद त्यांत दिसून आला. 'महिन्यांतून कितीदां?' या प्रश्नास हा भेद कधींच सांपडला नसता. नशा ही केवळ संख्या नव्हे; तिला जागा, वेळ आणि सोबत असते, हें येथें प्रथम नीट ध्यानांत आलें.

पुढें १९९४ सालीं आर्थर स्टोन व सॉल शिफमन या दोघांनीं या पद्धतीस शास्त्रीय नांव व चौकट दिली, आणि शिफमन यांनीं सिगारेट सोडूं पाहणाऱ्यांच्या हातीं तळहाताएवढे संगणक दिले. कागदी वही मागें कां पडली याचें उत्तर २००२ सालच्या एका प्रयोगांत आहे. जुनाट वेदनांनीं पीडलेल्या रोग्यांस वेळच्या वेळीं नोंद करण्यास सांगून कागदी वह्या दिल्या. मात्र वही केव्हां उघडली हें कळावें म्हणून तींत प्रकाश ओळखणारें यंत्र गुप्तपणें बसविलें होतें. वह्यांवरून पाहतां शेंकडा ९० नोंदी वेळेवर झालेल्या. यंत्र म्हणे, शेंकडा ११! उरलेल्या मागाहून बसून भरलेल्या होत्या. ज्यांस विजेचीं यंत्रें दिलीं होतीं त्यांच्या नोंदी मात्र शेंकडा ९४ वेळेवर झाल्या. यांत रोग्यांची लबाडी आम्ही मानीत नाहीं. शाळेंतली रोजनिशी आदल्या रात्रीं कोणीं भरली नाहीं?

यानंतर मोबाइल आला, आणि संशोधकांस यंत्र वांटण्याचें कारणच उरलें नाहीं. तें प्रत्येकाच्या खिशांत होतें. स्वित्झर्लंडांत २०१४ सालीं लोझान व झुरिच या शहरांत १६ ते २५ वयाच्या २४१ तरुणांनीं आपल्या मोबाइलवर एक ॲप घेऊन शुक्रवार-शनिवारच्या रात्रींची हकीकत नोंदविली. पेला कोणता, जागा कोणती, सोबत किती, हें तर त्यांनीं लिहिलेंच. शिवाय पेल्याचें छायाचित्र आणि भोंवतालचें दहा सेकंदांचें चलच्चित्रहि पाठविलें. ॲप स्वतःहि ठावठिकाणा व हालचाल टिपीत होतें. शिपायाच्या तर्कापासून ज्या मार्गानें आम्ही निघालों, तो येथें पेल्याच्या कांठापर्यंत येऊन पोंचला.

आतां मुख्य प्रश्न. साधन जसजसें घटकेच्या जवळ गेलें तसतसें तें माणसाच्या एकांतांतहि शिरलें. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें दारू पिण्यास परवाना लागतो आणि कडक दारूसाठीं वयाची अट २५ वर्षांची आहे. गांजा ओढणें हा १९८५ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. म्हणजे वीस वर्षांच्या एखाद्या विद्यार्थ्यानें ॲपला दिलेलें खरें उत्तर हा एका अर्थीं कबुलीजबाब होतो, आणि तोहि वेळ व ठिकाण यांच्या शिक्क्यानिशीं. अमेरिकेनें ही अडचण ओळखून १९७० सालच्या कायद्यांतच संशोधकांस अशी सनद देण्याची सोय केली कीं, न्यायालयानें मागितलें तरी उत्तर देणाऱ्याचें नांव सांगण्याची सक्ति त्यांच्यावर होऊं नये. आमच्याकडे २०२३ सालीं संमत झालेला वैयक्तिक माहितीविषयींचा कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति मागतो. संशोधनास त्यांत कांहीं सवलत ठेविली आहे. हा नियम योग्यच आहे. पण त्यांतील पेंच वाचकांनीं लक्षांत घ्यावा. ज्या मुलास आपलें व्यसन आईबापांपासून लपवावयाचें आहे, तो त्यांच्या संमतीनें आलेल्या ॲपला खरें सांगेल काय?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत २,००,१११ घरांतील ४,७३,५६९ माणसांस विचारण्यांत आलें. तींत असें आढळलें कीं, हुंगण्याच्या नशेचें प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत शेंकडा १.७ असून प्रौढांत तें शेंकडा ०.५८ आहे. नशेच्या अन्य कोणत्याहि प्रकारांत मुलें प्रौढांच्या पुढें नाहींत. चिंधींत पंक्चरचें सोल्युशन ओतून रेल्वेच्या फलाटावर बसलेला पोर हा या आंकड्यामागचा माणूस आहे. त्याच्यापाशीं मोबाइल नाहीं, शाळेच्या हजेरीपटावर त्याचें नांव नाहीं, आणि पुष्कळदां घरहि नाहीं. ॲपनें केलेली मोजदाद कितीहि सूक्ष्म असली तरी ती ज्याच्या हातीं मोबाइल आहे त्याचीच होय. तीच सगळ्या तरुणांची म्हणून पुढें केली गेली, तर १८९२ सालच्या रकान्यांत आणि हिच्यांत फरक तो काय राहिला?

म्हणून आमचें मत असें कीं, ॲपचा उपयोग अवश्य करावा. परंतु गोळा झालेली माहिती पोलिसांच्या, शाळेच्या व घरच्यांच्याहि हातीं पडणार नाहीं असा बंदोबस्त आधीं करावा, आणि मोबाइल नसलेल्या मुलाकडे माणसानेंच पायीं चालत जावें. घरोघरीं आईबापांसहि यांतून एक घेण्यासारखें आहे. मुलाच्या मोबाइलवर गुप्तपणें पाळत ठेवण्याचीं साधनें आज बाजारांत मिळतात. तीं झडतीचीं साधनें आहेत, आणि झडतींत हातीं लागतें तें बहुधा लपविण्याचें कौशल्य. आमच्या भाषेंत झडती, चौकशी व विचारपूस असे तीन निराळे शब्द आहेत. पहिल्या दोहोंनीं भरलेलीं दप्तरें सरकारपाशीं पुष्कळ आहेत. विचारपूस करणारा मात्र उत्तर ऐकून घेतल्यावर मुलाच्या उपयोगीं पडण्यास बांधलेला असतो, आणि ज्याची तेवढी तयारी नाहीं त्यानें प्रश्न न विचारलेलाच बरा.