परळची माकडं आणि गर्भवतीची गोळी

इथे बेंगळुरूत माझ्या भाचीला दिवस गेले, तेव्हा पहिल्या तपासणीहून आल्यावर तिने फॉलिक ॲसिडची गोळी दाखवून विचारलं, "मावशी, ही कशासाठी गं?" मी म्हणाले, "रक्त वाढायला." उत्तर चूक नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं शोधता शोधता मी १९२८ सालच्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत जाऊन पोचले.

त्या साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरीब घरांतल्या अनेक गर्भवतींना भयंकर पंडुरोग व्हायचा आणि त्यात काही जणी दगावायच्या. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते पाहिलं. ताटात भाजी, फळं, मांस-दूध यांची वानवा होती. मग त्यांनी उंदरांना तसाच आहार दिला. उंदीर फिकट पडले आणि यीस्ट दिल्यावर वाचले. झालं, कोडं सुटलं!

पण नाही. पुढे कळलं की त्या उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि उवांमधून बार्टोनेला नावाचा जंतू त्यांच्या रक्तात गेला होता. म्हणजे आहाराच्या प्रयोगात संसर्गाने घुसखोरी केली होती. दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. बाईंनी माकडांवर प्रयोग केले, रुग्ण बायकांना यीस्टचा अर्क देऊन पाहिला. हा अर्क म्हणजे मार्माइट, बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून होणारा, पावाला लावायचा स्वस्त पदार्थ. बायकांचं रक्त सुधारलं. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

मार्माइटमधलं ते औषध कोणतं, हे मात्र तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याला नुसतं 'विल्स घटक' म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. विल्सबाईंचा घटक तो हाच.

आता अर्ध्या राहिलेल्या उत्तराकडे येऊ. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एका नळीसारखे असतात. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. नाही मिटली, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा डोक्यात गंभीर व्यंग राहतं. १९९१ साली सात देशांतल्या ३३ केंद्रांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. आधीचं बाळ असं झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. लूसी विल्स १९६४ मध्येच वारल्या होत्या. आईच्या रक्तासाठी शोधलेली वस्तू बाळाच्या मेंदूलाही राखते, हे त्यांना कळलंच नाही.

आता हिशेब करा. २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. बहुतेक घरांत तेव्हा कुठे शंका येते, दवाखान्याची पायरी त्यानंतर. म्हणजे गोळी हातात पडते, तोवर नळी मिटलेली असते किंवा उघडीच राहिलेली असते. म्हणून मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची. आधीच्या बाळाला असा त्रास झाला असेल तर मात्रा बरीच मोठी लागते, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

माझ्या भाचीचं बाळ सुखरूप आहे. पण ते आमचं नशीब, आमची हुशारी नव्हे. मागच्या महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आमच्याकडे असल्या गोष्टी ओटी भरेपर्यंत कुणी बोलत नाही. या वेळी मी तिला बाजूला घेतलं आणि परळच्या माकडांपासून सगळी गोष्ट सांगितली. ती आधी लाजली, मग म्हणाली, "मावशी, हे ताईला का नाही सांगितलंस?"

मंडळी, तुमच्या घरात ज्यांना हे सांगायला हवं, त्यांना आजच सांगा.